चटणीच्या डंकाच्या जागी कॅफे, आणि माझी 'पाच वर्षांनंतरची मी'

पेठेतली_पोरगी

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसतं वाचत होते, लिहितेय पहिल्यांदाच. लांब झालंय, आधीच माफी मागते.

मी कोल्हापूरची. शिवाजी पेठेत जन्म, अजून शिवाजी पेठेतच. सध्या सर्जनशील लेखनाचा अभ्यासक्रम करतेय (कुठं ते राहू दे). परवा सरांनी काम दिलं. 'पाच वर्षांनंतरची मी', हजार शब्द. काय लिहायचंय, कुठं राहून लिहायचंय, पोटापाण्याचं काय. वर सरांची तंबी: स्वप्नं लिहू नका, पत्ता लिहा. त्या पत्त्यापाशीच माझं घोडं अडलंय.

आमच्या गल्लीच्या तोंडाला चटणीचा डंक होता. बाहेरगावच्यांसाठी सांगते, मिरची-मसाला कुटायचं यंत्र. खाली लोखंडी उखळ, त्यात वरखाली आपटणारी मुसळं, मोटर, पट्टा. मार्च ते मे गल्लीला घड्याळ लागायचं नाही. डंक सुरू झाला की दहा वाजले. जो शिंकतोय तो पाहुणा, गल्लीतलं कुणी शिंकत नसे. बायका डबे घेऊन रांगेत. कुणाची ब्याडगी जास्त, कुणाला संकेश्वरीशिवाय चालत नाही, कुणी चोरून लवंगी मिसळलेली. भाजलेलं खोबरं, तळून कडक केलेला कांदा, लसूण शेवटी. डंकवाल्या काकू पिशवीत नाक घालून सांगायच्या, "तीळ करपवलीस गं." आणि ती करपलेली असायचीच. माझी आई दर वर्षी हे ऐकून यायची आणि दर वर्षी म्हणायची, "पुढल्या बारीला दुसरीकडं जातो मी." गेली कधीच नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर डंक बंद झाला. काकू भाडेकरू, मालकांची मुलं पुण्यात. त्यांनी जागा विकली. काही महिने पत्रा ठोकलेला होता, मग एके संध्याकाळी पिवळे दिवे लागले. कॅफे! भिंतीचा गिलावा खरवडून आतला दगड उघडा केलाय. (वडील म्हणतात, आमच्या बापानं गिलावा करायला कर्ज काढलं, हे तो काढायला पैसे मोजतात.) उखळ मात्र त्यांनी टाकून दिलं नाही. दारात मांडलंय, त्यात माती भरून मनी प्लांट लावलाय. येणारीजाणारी त्याच्याशी उभी राहून फोटो काढतात.

आता कबुली. मी त्या कॅफेत जाते. घरात आम्ही पाच जणं, खोल्या दोन, टीव्ही एक आणि तो बंद होत नाही. तिथं वायफाय आहे, एकशे चाळीसची कॉफी घेतली की तीन तास कुणी उठवत नाही. डंकावरची माझी कथा मी तिथंच बसून लिहिली. वर्गात कौतुक झालं. एक मैत्रीण म्हणाली, तुझ्या लिखाणाला वास येतो. त्या दिवशी घरी जाताना उखळाकडं बघवलं नाही.

सरांनी एक शब्द दिला, जेंट्रिफिकेशन. रूथ ग्लास नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ साली लंडनबद्दल लिहिताना तो वापरला. कामगारांच्या वस्तीत मध्यमवर्ग शिरतो, जुनी घरं डागडुजी होऊन भारी होतात, आणि मूळची माणसं एकेक करून बाहेर पडतात. वर्गात आम्ही त्याचं 'अभिजनीकरण' केलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे भाडं वाढलं म्हण की."

तर पत्ता. पहिल्या मसुद्यात लिहिलं, पाच वर्षांनी मी पुण्यात, छोटा फ्लॅट, खिडकीशी टेबल, एक कादंबरी छापून झालेली. वाचून पाहिलं तर त्या खिडकीतही पिवळे दिवेच दिसले. दुसऱ्या मसुद्यात उलट टोक, मी पेठेतच राहणार, गल्लीवरच लिहिणार. तेही खोटं, कारण आमचंही घर भाड्याचंच. आजोबा शाहू मिलमध्ये, इथल्या कापडगिरणीत, साच्यावर (मागावर) होते. मिल १९०६ ची, २००३ ला बंद झाली. नोकरीत असताना त्यांनी घेतलेल्या या दोन खोल्या, भाडं जवळजवळ तेव्हाचंच. मालक भले आहेत. पण मागच्या आठवड्यात त्यांच्याबरोबर दोन माणसं आली होती, टेप धरून भिंती मोजत होती. आईनं त्यांना चहा दिला. काय मोजताय हे विचारलं नाही.

ज्या जागेवर लिहायचं ती राहणार नाही, आणि ती गेली त्याच जागी खुर्ची टाकून मी तिच्यावर लिहितेय. मग ध्येय म्हणून लिहू काय? उपदेश नको, तुमचं काही असेल तर सांगा.

नाक्यावरचा

लई भारी लिहिलंयस. पण मुद्द्याचं सांग, आई आता चटणी कुठं करून आणते? आमच्यात पण हीच अडचण हाय. म्हातारी मिक्सरच्या चटणीला हात लावत न्हाई.

पेठेतली_पोरगी

फुलेवाडी रिंगरोडला. काकूंनी तिकडं पत्र्याच्या शेडमध्ये पुन्हा सुरू केलाय. जायच्यायायच्या रिक्षाचे पैसे कुटायच्या मजुरीएवढे होतात. आई तरी जाते आणि तीळ करपल्याचं ऐकून येते.

वाड्याचा_वारस

पटणार नाही, तरी लिहितो. मी त्या 'पुण्यातल्या मुलां'पैकी एक.

आमचा वाडा शुक्रवार पेठेत. चार भाडेकरू. सर्वांत जास्त भाडं देणारा महिन्याला दीडशे रुपये देतो, तेही तीन महिन्यांतून एकदा, उपकार केल्यासारखं. कौलं चाळून घ्यायला माणूस बोलवायचा तर त्याची दोन दिवसांची मजुरी वर्षाच्या भाड्याच्या वर जाते. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी जोत्याला लागलं, २०२१ च्या जुलैत परत. मातीची भिंत वरून धडधाकट दिसते, आत पोट सुटलेलं असतं. हात लावला की भुसभुशीत. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस मालकाच्या नावानं येते, भाडेकरूच्या नाही. प्रॉपर्टी कार्डावर अजून पणजोबा. वारस सात, त्यांतले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

तुमच्या गल्लीतल्या कॅफेवाल्यानं निदान इमारत पाडली नाही. आमच्याकडं जो बिल्डर आला होता त्यानं पहिल्याच बैठकीत वाड्याचं नावसुद्धा विचारलं नाही, रस्ता किती फुटी आहे तेवढं विचारलं.

आणि राग मानू नकोस. तुझ्या आजोबांच्या खोल्या इतकी वर्षं स्वस्त राहिल्या, त्याचा फरक कुणीतरी भरत होतं. ते कुणीतरी म्हणजे आमच्या आजोबांसारखी माणसं. त्यांच्यावर कथा कुणी लिहीत नाही.

पेठेतली_पोरगी

राग नाही. खरं सांगायचं तर हे मला सुचलंच नव्हतं. माझ्या कथेत मालक फक्त एका वाक्यात येतो, आणि त्या वाक्यात तो गाडीतून उतरतो.

गिरणगावातला

मी लालबागचा, आता बदलापूरला. शब्दावरून थोडं भांडतो.

तुमच्याकडे चाललंय ते दुकान बदलणं. आमच्याकडे जे झालं ते माणसं बदलणं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप अधिकृतपणे कधी मिटलाच नाही. १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते, एक मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल केला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती राहिली. गिरणीत रिकामी जमीन असते किती? सगळी शेडखाली. म्हणजे हिशोब संपला. चिमण्या तेवढ्या ठेवल्या काही ठिकाणी, तुमच्या उखळासारख्या. मॉलमध्ये गेलात तर दिसतात.

तुझी आई रिक्षा करून काकूंकडे जाऊ शकते. आमच्या मजल्यावरची माणसं विरार, कल्याण, कुठं कुठं गेली, ती लग्नातच भेटतात, नंतर तिथंही नाहीत. वडील गेले तेव्हा मला आठवेना की अठरा नंबरच्या खोलीत कोण होतं. पंचवीस वर्षं समोर राहिलेलं बिऱ्हाड! आईला विचारलं तर तिलाही नाव आठवेना, फक्त त्यांचा ट्रान्झिस्टर आठवला.

सल्ला नाही देत. मी लिहून ठेवलं नाही, एवढंच सांगतो.

निवृत्त_ओव्हरसियर

थोडी माहितीची भर घालतो. कोल्हापुरात नगरपालिकेची महापालिका झाली १९७२ ला. क्षेत्रफळ साधारण ६६.८२ चौरस किलोमीटर. पुढं पन्नास वर्षं हद्दवाढीची आंदोलनं झाली, हद्दवाढीच्या विरोधातली त्याहून मोठी झाली, आणि हद्द होती तिथंच राहिली. एका बाजूला पंचगंगा, तिच्या पुराची निळी रेषा, लाल रेषा. तिकडं बांधता येत नाही (येतं, पण तो वेगळा धागा). म्हणून सगळा दाब पेठांवर आणि वरती.

किरणोत्सवाचंच घ्या. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, अंबाबाईचे चरण, मग कंबर, मग मुख. दर वर्षी आधी मोजणी होते, कुठला मजला आडवा येतोय, कुणाची टाकी, कुणाचा फलक. ज्यानं देऊळ बांधलं त्यानं सूर्याचा हिशोब केला होता, आपल्या गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या टाकीचा नव्हता केला. मी स्वतः एका वर्षी त्या गल्लीत टाक्या सरकवून घ्यायला हिंडलोय. लोक देवीसाठी टाकी सरकवतात, शेजाऱ्यासाठी नाही.

विषयाला सोडून झालं असेल तर सोडून द्या.

बारमधला

वकिलाच्या बाजूनंही येऊ द्या. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सहा जिल्ह्यांचं काम. कित्येक वर्षांच्या आंदोलनाचं फळ आहे, साताऱ्या-सोलापूरचा पक्षकार मुंबईच्या फेऱ्यांतून सुटला, त्याबद्दल कुणी वाईट बोलू नये. पण कोर्टाजवळच्या सीपीआर दवाखान्याच्या आसपास ऑफिसला जागा बघून या. आमच्या शेजारच्या मेसवाल्या मावशींचं गिऱ्हाईक दुप्पट झालं, मालकानं भाडंही तसंच वाढवलं. त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, भाकऱ्या दुप्पट झाल्या, पैसं हाय तेवढंच."

चप्पल_लाईन

उखळाचं वाचलं आणि हसलो.

आमचं घर सुभाषनगरात, तीन पिढ्या चप्पल. आजोबा तळ शिवायचे, आजी वेणी घालायची. चामड्याच्या बारीक पट्ट्यांची ती वेणी, कोल्हापुरीच्या अंगठ्यावर असते ती. आजीच्या बोटाला वेणीचा घट्टा होता, तांदूळ निवडताना तो ताटाला घासायचा आणि आवाज यायचा. २०१९ ला कोल्हापुरीला जीआय (भौगोलिक ओळखीचं मानांकन) मिळालं, पेढे वाटले. जून २०२५ मध्ये मिलानला एका इटालियन कंपनीनं तसलीच चप्पल मंचावर चालवली आणि आमचं नाव घेतलं नाही. ओरड झाली, मग घेतलं. तेवढे दिवस आमच्या गल्लीत कॅमेरेच कॅमेरे. एका पत्रकार ताईंनी मला आजीचा घट्टा दाखवायला सांगितला. आजी जाऊन सहा वर्षं झाली म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग दुसरं कुणी आहे का घट्टेवालं?

दुकानात 'हेरिटेज' अशी पाटी लागली की किंमत वाढते. ती वाढ सुभाषनगरापर्यंत येता येता वाटेत बऱ्याच जणांकडं चहाला थांबते.

मला एकच विचारायचंय. तू डंकावर कथा लिहिलीस, वर्गात वाचलीस. काकूंना वाचून दाखवलीस काय?

पेठेतली_पोरगी

नाही.

अनुस्वार

छान धागा. एक लहानशी दुरुस्ती: आईच्या तोंडी 'दुसरीकडं जातो मी' असं आलंय. 'जाते' हवं ना?

पेठेतली_पोरगी

नाही, 'जातो'च. आमच्याकडं बायका तसंच बोलतात. मी आलो, मी बसलो, मी करतो. आई, काकू, आत्या सगळ्या. मीसुद्धा घरात. अभ्यासक्रमाच्या पहिल्या दिवशी ओळख करून देताना 'मी शिवाजी पेठेतनं आलो' म्हणाले आणि मागच्या बाकावर कुणीतरी हसलं, तेव्हापासून बाहेर 'आले'.

तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता कथा उघडून बघितली. कथेत सगळ्या बायका 'जाते, करते' बोलतात. काकूसुद्धा. वाचणाऱ्याला अडखळायला नको म्हणून मीच बदललं होतं. कुणी सांगितलं नव्हतं.

नाक्यावरचा

म्हंजे तू गिलावा केलास की. कॅफेवाल्यानं निदान खरवडून तरी काढला.

गिरणगावातला

नाक्यावरच्याला कुणीतरी मिसळ द्या माझ्यातर्फे.

वाड्याचा_वारस

मिसळीवरून आठवलं, आमच्या वाड्याच्या बोळातल्या मिसळवाल्याचं... नको, वेगळा धागा काढतो.

चप्पल_लाईन

'नाही' असं सरळ लिहिलंस ते बरं केलंस. आता वाचून दाखव. मारणार न्हाईत.

पेठेतली_पोरगी

अकरा दिवसांनी येतेय. धागा खाली गेला होता, वर आणते.

रविवारी मी आईला घेऊन फुलेवाडीला गेलो. हंगाम नव्हता, शेडमध्ये फक्त हळदीचं एक पोतं आणि दोन गिऱ्हाइकं. काकूंनी पट्टा थांबवला, पोत्यावर बसल्या, म्हणाल्या वाच. मी लई घाबरलो होतो. बायकांची बोलणी आदल्या रात्री परत होती तशी करून घेतली होती, म्हणून निदान वाचताना जीभ अडखळली नाही.

मधेच त्यांनी हात वर केला. कथेत असं वाक्य आहे की काकू नाकाला पदर लावून डंकाशी उभ्या असतात. मला ते फार आवडायचं, वर्गातही त्यालाच दाद मिळाली होती. काकू म्हणाल्या, "मी काय नाकाला पदर लावून हुबा ऱ्हात होतो व्हय? पदर पट्ट्यात गेला तर माणूस जातंय. कंबरंला खोचलेला असायचा, कायम. तुज्या आईला इचार." आई म्हणाली, व्हय, खोचलेलाच. पंधरा वर्षं मी त्यांना रोज बघितलं, आणि कागदावर मात्र पिक्चरमधली बाई उतरवली.

शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी. चांगलं-वाईट काही बोलल्या नाहीत. पट्टा चढवता चढवता म्हणाल्या, "भाडं किती होतं ते लिवलं न्हाईस." मी विचारलं, किती होतं? त्यांनी सुरुवातीपासून सांगितलं. कुठल्या साली किती, कधी वाढलं, मोटर जळाली त्या महिन्यात थकलं तेव्हा म्हाताऱ्या मालकांनी काय म्हटलं, त्यांची मुलं आल्यावर किती मागितलं. सोडताना हातात किती मिळाले आणि त्यातले या शेडच्या पत्र्याला किती गेले. आकडे इथं देत नाही, त्यांचे आहेत. पण बोटांवर मोजून सांगत होत्या आणि बोटं हळदीनं पिवळी झाली होती.

@वाड्याचा_वारस, म्हातारे मालक गाडीतून उतरायचे नाहीत. सायकलवरून यायचे आणि भाडं घ्यायच्या आधी पाव किलो चटणी मागायचे. तेवढं दुरुस्त केलंय.

सरांचं काम शेवटी दिलं. सातशेच शब्द झाले. पत्त्याच्या जागी आत्ताच्या घराचाच पत्ता लिहिला आणि पुढं 'भाड्याने' असं लिहिलं. पाच वर्षांत काय करणार, तर गल्लीतल्या तेवीस दारांची वही. दार, माणूस, धंदा, भाडं, कधी आला, कधी गेला, कुठं गेला. कादंबरी त्यातनं झाली तर झाली. चार दारं झालीत. त्यात कॅफेचंही आहे, तो मुलगा इचलकरंजीचा निघाला, त्याचा करार अकरा महिन्यांचा आहे आणि या वेळी मालकानं वाढवून मागितलंय. उखळ त्यानं भंगारवाल्याकडनं विकत घेतलं होतं. काकूंचं नव्हेच ते! काकूंचं उखळ फुलेवाडीत आहे, त्यात हळद कुटतायत.

सरांनी शेरा दिला, 'पत्ता सापडला, ध्येय धूसर.' मार्क बरे आहेत.

टेपवाली माणसं अजून परत आलेली नाहीत.

निवृत्त_ओव्हरसियर

वहीत दाराची रुंदीही लिहा. पुढं उपयोगी पडते.

नाक्यावरचा

बाकी सगळं झालं. काकूंचा डंक सोमवारी चालू असतोय काय? म्हातारीनं पिशवी भरून ठेवलीय.

पेठेतली_पोरगी

सोमवारी बंद. मंगळवारी दहाच्या आत जा. आणि तीळ जरा बघून भाज.